गार इंजिनाची पहिली चार मिनिटं

रात्रभर उभी असलेली गाडी. सकाळी सेल्फ मारला की लगेच सुरू होते, आरपीएमची (मिनिटाला इंजिनाचे फेरे) सुई क्षणभर वर जाते आणि मग ६०० वर घसरून इंजिन थरथरायला लागतं. स्टिअरिंग हलतं, आतला आरसा हलतो, सायलेन्सरच्या सलग आवाजात मधूनमधून एक ठोका गळतो. चार मिनिटं गेली की सगळं शांत. गॅरेजात पोचेपर्यंत इंजिन तापलेलं असतं, त्यामुळे तिथे दाखवायला काहीच उरत नाही. हा दोष सापडून दुरुस्त व्हायला २३ दिवस लागले. त्यात हातांनी केलेलं काम जेमतेम दीड दिवसाचं. बाकी सगळी वाट पाहणी, कारण पूर्ण गार इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. ज्यांच्या गाडीला हेच होतंय त्यांना पुढच्या नोंदींचा उपयोग होईल.

गाडी वीस वर्षांच्या पुढची, पेट्रोलवरची. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, मल्टीपॉइंट इंजेक्शन (प्रत्येक सिलिंडरला पेट्रोलचा स्वतंत्र फवारा), प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी स्वतंत्र कॉइल, हवा मोजायला एअरफ्लो सेन्सर, अ‍ॅल्युमिनियमचा हेड (सिलिंडरांवरचा भाग) आणि अ‍ॅल्युमिनियमचाच इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा नळ्यांचा संच). धाव १ लाख ८० हजार किलोमीटर.

पहिल्या सकाळी कशालाही पाना लावला नाही. वही घेतली आणि नोंदी केल्या. गाडी ११ तास उभी होती, बाहेर ९ अंश. सेल्फ दीड सेकंद. सुरुवातीला ११०० आरपीएम, दहा सेकंदांत ६००, मग ६०० ते ७५० मध्ये हेलकावे. चार मिनिटं दहा सेकंदांनी आवाज सरळ. मोबाइलवर सुई आणि सायलेन्सरचा आवाज दोन्ही रेकॉर्ड केले. हे रेकॉर्डिंग पुढे फार कामाला आलं. ‘गाडी मिसिंग करते’ असं तोंडी सांगितलं तर मेकॅनिक मान हलवतो, पण आवाज ऐकवला की तो थेट बॉनेटकडे वळतो.

याच वेळी सायलेन्सरच्या तोंडाशी धूर आणि वास बघून घ्यावा. न जळलेल्या पेट्रोलचा वास येत असेल तर एखादा सिलिंडर जळत नाहीये किंवा मिश्रणात पेट्रोल जास्त (रिच) आहे. सुरू करताच निळसर धूर निघून लगेच विरत असेल तर व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल उतरतंय. पांढरा, गोडसर वासाचा धूर बराच वेळ टिकत असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) सिलिंडरमध्ये जातंय, आणि मग खाली लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी सोडून आधी हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) तपासावं. थंड हवेत पहिली काही मिनिटं पांढरी वाफ प्रत्येक गाडी सोडते, तिला घाबरू नये. इथे फक्त पेट्रोलचा हलका वास होता.

दोष गार असतानाच का दिसतो, हे आधी समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढे नुसते पार्ट बदलत बसावं लागतं. गार धातूवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही. बरंच पेट्रोल इनटेकच्या भिंतींना ओलं चिकटून राहतं. गरम इंजिनाला एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा पुरते, वजनाने. गार इंजिनाला यापेक्षा खूप जास्त पेट्रोल द्यावं लागतं. किती जास्त, हे ईसीयू (इंजिनाचा संगणक) कूलंटच्या तापमानावरून ठरवतो. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर गेल्याशिवाय काम करत नाही, म्हणून सुरुवातीला ईसीयू त्याच्याकडे बघतच नाही, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो. मोजणीत न आलेली हवा कुठून आत शिरत असेल तर या काळात ती चूक कोणी सुधारत नाही. सेन्सर जागा झाला की ईसीयूला कळतं, तो पेट्रोल वाढवतो आणि गाडी सुतासारखी चालते. दोष तसाच असतो, फक्त झाकला जातो.

दुसऱ्या सकाळी स्कॅनर. अमेरिकेत १९९६ पासूनच्या आणि युरोपात २००१ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना ओबीडी-२ सॉकेट (स्कॅनर जोडायची जागा) सक्तीचं आहे. त्याहून जुन्या गाडीत बहुधा डॅशबोर्डवरच्या दिव्याच्या लुकलुकीवरून कोड मोजावे लागतात. स्कॅनर लावून चावी ऑन केली, पण सेल्फ मारला नाही. या क्षणी कूलंटचं आणि इनटेक हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं, कारण दोन्ही रात्रभर एकाच हवेत होते. कूलंट १० आणि हवा ९ अंश दिसले, म्हणजे सेन्सर ठीक. फुकटातली आणि दोन मिनिटांची ही तपासणी बहुतेक जण करतच नाहीत आणि सरळ कूलंट सेन्सर बदलून टाकतात. फरक पाच-सात अंशांहून जास्त दिसला तर सेन्सरचा कनेक्टर काढून मल्टीमीटरने रोध मोजावा. बहुतेक सेन्सरमध्ये २० अंशांना २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास असतो. स्कॅनर उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरपेक्षा तुटलेल्या वायरचा किंवा सैल कनेक्टरचा संशय जास्त.

मेमरीत एक कोड होता, पी ०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर (मिश्रण नीट न जळणं). कोडसोबत ईसीयू त्या क्षणाची स्थिती जपून ठेवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. त्यात कूलंट १४ अंश होतं, म्हणजे हा सकाळचाच प्रकार. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा, कोडसोबत तीही जाते.

खरा धागा मात्र इंजिन गरम झाल्यावर मिळाला. लाँग टर्म फ्यूएल ट्रिम हा आकडा सांगतो की ईसीयूला ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कायमचं वाढवावं किंवा कमी करावं लागतंय. गरम आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, तो अधिक ९ होता. रेस देऊन २५०० आरपीएम धरले तर शॉर्ट टर्म (त्या क्षणापुरती दुरुस्ती) मिळून बेरीज अधिक २ वर आली. एअरफ्लो सेन्सरच्या गाडीत ही व्हॅक्यूम लीकची, म्हणजे इनटेकच्या फटीतून हवा शिरण्याची, सही समजावी. आयडलिंगला इंजिन हवा थोडीच ओढतं, त्यामुळे चोरून शिरलेल्या हवेचा वाटा मोठा ठरतो. रेस दिल्यावर तीच गळती मोठ्या प्रवाहात किरकोळ होते. उलट रेससोबत ट्रिम वाढत गेला तर पेट्रोल कमी पडतंय किंवा एअरफ्लो सेन्सर मळलाय. ज्या गाडीत एअरफ्लो सेन्सरच्या जागी मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असतो तिथे चित्र वेगळं. जादा हवा दाबात मोजली जाते, ईसीयू तेवढं पेट्रोल देतो आणि आयडलिंग खाली येण्याऐवजी वर चढतं. मात्र गळती एकाच सिलिंडरच्या वाटेवर असेल तर तो सिलिंडर दोन्ही प्रकारांत अडखळतो.

धागा हातात आला तरी थेट मॅनिफोल्ड उघडला नाही. प्लग आधी. संध्याकाळी इंजिन पूर्ण निवल्यावर प्लग काढले. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधून गरम असताना प्लग फिरवला तर आटे निघायची भीती असते. काढण्याआधी प्लगच्या विहिरीतली धूळ हवेने उडवून टाकावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. चारही प्लग क्रमाने पुठ्ठ्यावर खोचून ठेवले. गॅप १.१ मिमी हवी तिथे १.३ ते १.४ झालेली. एक, तीन, चारची टोकं तपकिरी, दोनचं जवळजवळ पांढरं. पांढरं टोक म्हणजे त्या सिलिंडरला हवा जास्त मिळतेय. नवे प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवून मग टॉर्क पान्याने २५ न्यूटन मीटरला घट्ट केले. टॉर्क पाना नसेल तर वॉशरवाला नवा प्लग टेकल्यानंतर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरतो. कोनी बुडाच्या प्लगला फक्त एक-सोळांश फेरा.

त्याच बैठकीत दोन आणि चारच्या कॉइलची अदलाबदल केली. सकाळी कोड पी ०३०४ आला असता तर कॉइल दोषी ठरली असती. तिसऱ्या सकाळी थरथर थोडी कमी, पण कोड पुन्हा पी ०३०२ च. कॉइल सुटली. ज्या गाडीत अजून प्लग वायर आणि डिस्ट्रिब्युटर कॅप आहे तिथे अंधारात बॉनेट उघडून इंजिन सुरू करावं आणि वायरवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. करंट फुटत असेल तर निळ्या ठिणग्या दिसतात. ओलसर सकाळी गाडी जास्त अडखळत असेल तर आधी हेच बघावं.

पाचव्या दिवशी थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा भाग. पाइप सोडवून बटरफ्लाय झडपेच्या मागे बोट फिरवलं तर बोटावर काळा चिकट थर आला. बंद झडपेच्या कडेला ही काजळी साचते आणि आयडलिंगची हवा अडवते. क्लीनर कापडावर घेऊन पुसलं. आत सरळ फवारला की मळ खाली वाहून साचतो आणि सेन्सरवरही जातो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर चावी ऑन असताना झडप बोटाने ढकलू नये, गिअर तुटतात. आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह वेगळा असेल तर तो काढून फक्त हवेच्या वाटेची बाजू साफ करावी, मोटर क्लीनरमध्ये बुडवू नये आणि व्हॉल्व्हच्या टोकाची सुई जोराने दाबू नये. काही जुन्या इंजिनांत गार आयडलिंगची जादा हवा कूलंटने तापणाऱ्या मेणाच्या व्हॉल्व्हमधून येते. त्याच्यापर्यंत कूलंट नीट पोचत नसेल, पाइपात हवा अडकली असेल, तर सुई खूप वेळ वरच राहते.

साफसफाईनंतर गाडी एकदम १२०० वर आयडल करायला लागली. घाबरायचं कारण नव्हतं. काजळी होती तेव्हा ईसीयूने झडप जास्त उघडायची सवय लावून घेतली होती. एसी, दिवे, पंखा सगळं बंद ठेवून गाडी पूर्ण तापेपर्यंत, साधारण १५ मिनिटं, हात न लावता चालू ठेवली तेव्हा सुई ८०० वर स्थिरावली. काही मॉडेलना हे नव्याने शिकवणं (रीलर्न) स्कॅनरनेच द्यावं लागतं. सहाव्या सकाळी आयडलिंग ७०० च्या खाली गेलं नाही, पण दुसरा सिलिंडर अजून अडखळतच होता.

सातव्या दिवशी गाडी एका गॅरेजात स्मोक टेस्टसाठी दिली. इनटेकमध्ये अगदी कमी दाबाने धूर सोडतात आणि तो कुठून बाहेर येतो ते बघतात. निकाल ‘लीक नाही’. गाडी चालवत नेली होती, टेस्ट तासाभरात झाली, इंजिन गरमच होतं. चूक सांगण्यात होती. काय तपासायचं ते सांगितलं होतं, कोणत्या स्थितीत ते सांगितलं नव्हतं. गाडी देताना जॉब कार्डवर स्पष्ट लिहून घ्या: रात्रभर उभी ठेवून, सकाळी सेल्फ न मारता स्मोक टेस्ट करणे. लिहिलेलं नसलं तर सकाळी कोणीतरी गाडी आत घ्यायला सुरू करतं आणि तो दिवस वाया जातो. गाडी ढकलून आत घ्यावी लागेल हेही तिथे लिहावं. आणि एका टेस्टचे पैसे दोनदा भरायचे नसतील तर हे पहिल्याच वेळी करावं.

आठव्या सकाळी घरीच फवारणी केली. आदल्या रात्री जागा हेरून ठेवल्या, कारण हातात मिनिटं मोजकीच असतात: ब्रेक बूस्टरचा जाड पाइप, पीसीव्हीचा (इंजिनातले वायू इनटेकमध्ये सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) रबरी एल्बो, पर्ज व्हॉल्व्हचा (टाकीतली पेट्रोलची वाफ इनटेकमध्ये सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) पाइप, इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये बसतात तिथली सीलं आणि मॅनिफोल्ड हेडला जोडला जातो ती पूर्ण कड. ऑइलचं झाकण आणि डिपस्टिकची रबरी रिंगही यात धरावी, तिथूनही हवा शिरते. रबरी पाइपांना फवाऱ्याची गरज नसते. गुळगुळीत जबड्याच्या चिमट्याने एकेक पाइप दाबून धरायचा आणि सुई बघायची. दाबल्यावर आयडलिंग सुधारलं तर गळती त्या पाइपात किंवा त्याच्या पुढे.

सगळे पाइप निर्दोष निघाले. मग बारीक नळीच्या कार्ब क्लीनरने मॅनिफोल्डच्या कडेवर अर्ध्या सेकंदाचे फवारे मारले, प्रत्येक फवाऱ्यानंतर तीन-चार सेकंद थांबून. इथे काळजी खरोखर घ्यायला हवी. हे द्रव्य पेट्रोलसारखं पेट घेतं. एक्झॉस्ट तापायच्या आत काम संपवायचं, शेजारी अग्निशामक सिलिंडर ठेवायचा आणि क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनर अजिबात वापरायचा नाही, तो तापला की विषारी वायू होतो. धास्ती वाटत असेल तर साबणाचं पाणी वापरा. पाणी फटीत ओढलं जातं, आवाज क्षणभर बदलतो, आणि आगीची भीती राहत नाही.

वरच्या कडेला काही नाही. एक नंबरच्या खाली काही नाही. दोन नंबरच्या खालच्या कडेवर, हात वाकडा करून नळी नेली तिथे, फवारा पडताच थरथर थांबली. दोन सेकंद इंजिन अगदी सरळ चाललं आणि परत अडखळायला लागलं. पुन्हा फवारा, पुन्हा तेच. दहा मिनिटांनी इंजिन तापल्यावर त्याच जागी साबणाचं पाणी मारून पाहिलं, सुई हललीसुद्धा नाही. व्हॅक्यूम गेज लावला होता. गार असताना १५ इंच (पाऱ्याचे) आणि काटा थरथरता, गरम झाल्यावर १८.५ इंच आणि स्थिर. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन १७ ते २१ इंच दाखवतं, आणि दर ३०० मीटर उंचीला साधारण एक इंच कमी धरायचा. उंचावर राहणाऱ्यांनी आपला आकडा आधी तसा दुरुस्त करून घ्यावा.

गरम झाल्यावर गळती जवळजवळ बंद का होते? मॅनिफोल्ड आवळणारे स्टड स्टीलचे, मॅनिफोल्ड अ‍ॅल्युमिनियमचा. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे मॅनिफोल्डची कड जाड होते, पण स्टड तेवढा लांब होत नाही, आणि पकड आपोआप आवळली जाते. पॅकिंगमधलं कडक झालेलं रबर उष्णतेने थोडं मऊ पडून फट भरतं. निवल्यावर दोन्ही गोष्टी उलट होतात. नवव्या रात्री गाडी गॅरेजात मुक्कामाला ठेवली, दहाव्या सकाळी स्मोक टेस्टमध्ये त्याच कडेतून धुराची बारीक रेघ वर आली.

मग पार्टची वाट. मॅनिफोल्डचं पॅकिंग मॉडेलच्या नावावर मागवलं, पंधराव्या दिवशी आलं ते चुकीचं. त्याच मॉडेलमध्ये दोन प्रकारचे हेड आलेले होते आणि पोर्टचा आकार वेगळा होता. परत पाठवून इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर देऊन पुन्हा मागवलं, ते एकोणिसाव्या दिवशी मिळालं. चार दिवस फक्त या एका चुकीत गेले. मागवताना इंजेक्टरची खालची सीलं, थ्रॉटल बॉडीचं पॅकिंग आणि पीसीव्हीचा एल्बोही सोबत घेतला. हे सगळं उघडावंच लागतं, आणि हे सारे सुटे भाग मिळूनही चार चांगल्या प्लगच्या संचाहून स्वस्त पडतात. खर्च होतो तो मजुरीचा. कोणी बाहेरून सिलिकॉन सीलंट भरून देतो म्हणाला तर नाही म्हणा. पेट्रोलच्या वाफेने तो सुटतो आणि तुकडे आत ओढले जातात.

वाट पाहण्याच्या दिवसांत गाडी कमी चालवली. मिसफायर होताना इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन तिथे जळतंय, आणि कन्व्हर्टर हा या सगळ्यातला सर्वांत महाग भाग. बाकीच्या शंकाही याच काळात मिटवल्या. पेट्रोलचा दाब चावी ऑन करताच ३ बार, दहा मिनिटांनी २.६. तो लगेच शून्यावर गेला असता तर दाब राखणारा रेग्युलेटर, पंपाचा चेक व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर यांच्याकडे बघावं लागलं असतं. गेज नसेल तर सकाळी सेल्फ मारण्याआधी चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून पंपाला दाब भरू द्यावा. एवढ्याने गाडी नीट सुरू झाली तर रात्रीतून दाब उतरतोय. रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप काढून वास घ्यावा, त्यात पेट्रोल असेल तर आतला पडदा फाटलाय.

कॉम्प्रेशन मोजताना चारही प्लग बाहेर, पंपाचा फ्यूज काढलेला, कॉइलचे कनेक्टर सुटे आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा. आकडे १२.४, १२.०, १२.२, १२.३ बार. एकूण आकड्यापेक्षा आपापसातला फरक महत्त्वाचा. कूलंटच्या टाकीवर पेनाने रेघ मारून आठवडाभर गार असताना पातळी पाहिली, हलली नाही. हेड गॅस्केटची अगदी बारीक गळतीसुद्धा सकाळी एकाच सिलिंडरला असाच झटका देते, म्हणून ही रेघ मारायलाच हवी.

विसाव्या दिवशी सकाळी काम सुरू केलं. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, त्याने लाइनमधला दाब उतरतो. बॅटरीची निगेटिव्ह काढली. प्रत्येक पाइपाचा आणि कनेक्टरचा फोटो. थ्रॉटल बॉडी, मग इंजेक्टरसकट फ्यूएल रेल, मग मॅनिफोल्डचे नट, कडेकडून मधल्याकडे. मॅनिफोल्ड खालून धरायला ब्लॉकवर एक आधाराची पट्टी असते, तिचा बोल्ट गाडीखालूनच दिसतो. तो काढायला खाली गेल्यावर कळलं की बोल्ट नाहीच. भोकात गंज होता, म्हणजे तो खूप आधीपासून नव्हता. कधीतरी कोणीतरी काम करताना तो परत लावलाच नाही. जड मॅनिफोल्ड वर्षानुवर्षं फक्त हेडच्या स्टडवर लोंबकळत हादरत राहिला, आणि खालच्या ओळीतले दोन नट हाताच्या जोरानेच फिरले. मूळ कारण हे. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर काही महिन्यांत परत हेच झालं असतं.

जुनं पॅकिंग उजेडात धरलं. एक, तीन, चारच्या पोर्टभोवती रबराच्या कडेचा पूर्ण चकचकीत गोल. दोनच्या पोर्टखाली तो गोल बोटाच्या पेरभर तुटलेला, आणि तिथून बाहेरपर्यंत बारीक धुळीचा तपकिरी ओघळ. हवा इथूनच आत जात होती, सोबत धूळ घेऊन. मॅनिफोल्डच्या आत दोन नंबरच्या वाटेवर बोट फिरवलं तर तीच धूळ ऑइलच्या थरात चिकटलेली होती. फिल्टर न झालेली ही हवा सिलिंडर झिजवते, म्हणून थरथर सहन होते म्हणून लीक तसाच सोडून देणं बरोबर नाही.

पोर्टमध्ये स्वच्छ फडकी खोचली, चार, आणि मोजून ठेवली. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पात्याने खरवडलं. मशीनची घासायची चकती वापरली की तिचे कण इंजिनात जाऊन बेअरिंग खातात. सपाट पट्टी आणि फीलर गेज लावून मॅनिफोल्डची कड तपासली, फट ०.०५ मिमी. ०.१ मिमीच्या आसपासच्या मर्यादेपेक्षा जास्त असती तर कड प्लेन करायला द्यावी लागली असती. नवं पॅकिंग कोरडंच बसवलं. नट मधून कडेकडे, तीन टप्प्यांत, ८ मिमीच्या स्टडला शेवटी २० न्यूटन मीटर. तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या, प्लास्टिकच्या मॅनिफोल्डला तो खूप कमी असतो आणि जास्त ताणलं तर कान तुटतो. इंजेक्टरच्या नव्या सीलांना स्वच्छ इंजिन ऑइलचा एक थेंब, आणि सरळ दाबून बसवणं. तिरपं बसलं की सील चिरतं आणि नवाच लीक तयार होतो. आधाराच्या पट्टीला नवा बोल्ट, लॉक वॉशरसकट, पण मॅनिफोल्डचे नट पूर्ण आवळल्यावर, नाहीतर पट्टी मॅनिफोल्डला खाली ओढते.

फडकी मोजली, चार. बॅटरी जोडली, चावी तीनदा ऑन-ऑफ केली आणि टॉर्च घेऊन प्रत्येक इंजेक्टरपाशी पेट्रोल झिरपतंय का ते बघितलं. कोरडं. मग सेल्फ. सकाळी आठला सुरू केलेलं काम दुपारी तीनला संपलं.

एकविसाव्या सकाळी बाहेर ८ अंश. सेल्फ मारला, १३५० आरपीएम, आणि सुई तिथेच टिकली. चार-पाच मिनिटांत ती एकसारखी उतरत ८०० वर आली. आरसा हलला नाही. बाविसाव्या, तेविसाव्या सकाळी तेच, मेमरीत कोड नाही. गरम आयडलिंगचा लाँग टर्म ट्रिम हळूहळू उतरून अधिक २ वर आला. ट्रिम सावरायला काही दिवसांचं चालवणं लागतं, तोवर आकडा बघून निराश होऊ नये.

एक काम बाकी ठेवलं होतं, ते दोन आठवड्यांनी केलं. इंजिन रात्रभर निवलेलं असताना मॅनिफोल्डच्या नटांवर पुन्हा टॉर्क पाना लावला. खालच्या ओळीतला एक नट थोडासा फिरला, बाकीचे जागेवर होते. पट्टीचा बोल्टही जागेवर होता.